बारीक शेक: मेंदूच्या गाठीवर इलाज करणाऱ्या रुग्णालयांना खुले पत्र

प्रति,
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातून मेंदूच्या गाठीचे रुग्ण ज्यांच्याकडे जातात त्या सर्व रुग्णालयांची व्यवस्थापनं,
तसेच जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

ज्या दिवशी आमच्या हिच्या डोक्यातल्या गाठीवर रेडिओसर्जरी, म्हणजे चिरफाड न करता किरणांचा इलाज, झाली, त्या दिवशी सकाळी गावच्या तालमीतली चार पोरं ट्रॅक्स करून रक्त द्यायला आली होती. मीच बोलावली होती. आदल्या दिवशी काउंटरवर ‘शस्त्रचिकित्से’ असा शब्द कानावर पडला, आणि ऑपरेशन म्हटलं की आधी रक्ताची तजवीज, एवढं खेड्यात कुणालाही कळतं. पोरं उपाशीच बसली होती, कारण रक्त द्यायच्या आधी खायचं की नाही यावर त्यांच्यात एकमत होत नव्हतं. दुपारी दोनच्या सुमारास ही कपाळाला दोन पट्ट्या लावून स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली आणि ‘भूक लागल्या’ म्हणाली. त्यातल्या एकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “गुरुजी, ऑपरेशन रद्द केलं काय वो त्यांनी?”

आता हसू येतं. पण त्या दिवशी मला त्या पोराला धड उत्तर देता आलं नाही, आणि हे पत्र त्यातूनच सुचलं.

मी खानापूर तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. इलाज चोख झाला, डॉक्टर सज्जन होते, यंत्राबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. माझं म्हणणं आहे ते तुमच्या बोलण्याबद्दल आणि तुमच्या कागदाबद्दल. गेल्या दोन वर्षांत गावातली, पाहुण्यांतली आणखी चार-पाच माणसं वेगवेगळ्या ठिकाणी जाऊन आली. त्यांच्याकडूनही हेच ऐकलं, म्हणून पत्र एकाला न लिहिता सगळ्यांना लिहितो आहे.

दुखणं कानापासून सुरू झालं. ही फोन डाव्या कानाला लावायला लागली. जेवायला नेहमी समोर बसणारी, ती माझ्या उजव्या हाताला येऊन बसू लागली. मला वाटलं, भाकरी वाढायला सोपं जातं म्हणून. खरं म्हणजे तिचा उजवा कान जात होता आणि चांगला कान ती माझ्याकडे ठेवत होती. पुढे म्हणायला लागली, “कानात रातकिडा वाजूलाय वो सारखा.” डॉक्टरांनी मळ काढला, थेंब दिले. सहा महिन्यांनी पुन्हा मळ, पुन्हा थेंब. अशी तीन वर्षं गेली. मग एकदा संध्याकाळी बांधावरून येताना तोल जाऊन उसात पडली, तेव्हा कुठे ऐकण्याची तपासणी करून कानाचा आलेख काढला आणि त्यानंतर एमआरआय. ऐकण्याच्या आणि तोलाच्या नसेवर 18 मिलिमीटरची गाठ. नाव व्हेस्टिब्युलर श्वॅनोमा. जुने डॉक्टर अकूस्टिक न्यूरोमा म्हणतात. कॅन्सर नव्हे, सावकाश वाढणारी गाठ. पण जागा अशी अडचणीची, की वाढत गेली तर थेट मेंदूच्या देठाला टेकते आणि चेहऱ्याची नस तर तिला चिकटूनच जाते.

इथे पत्राचा विषय थोडा सोडून खेड्यापाड्यांतल्या डॉक्टर मंडळींना एक विनंती करतो. म्हातारपणी दोन्ही कान कमी होतात हे आम्हालाही ठाऊक आहे. पण एकाच कानाचं ऐकणं जात असेल आणि त्यात आवाज येत असेल, तर मळ एकदा काढा आणि दुसऱ्या खेपेला आलेख काढायला पाठवा. आमची तीन वर्षं थेंबांत गेली.

मेंदूच्या सर्जननी तीन वाटा सांगितल्या. काही न करता दर वर्षी एमआरआय काढून गाठीवर लक्ष ठेवायचं; कवटी उघडून गाठ काढायची; नाहीतर किरणांनी तिची वाढ थांबवायची. हिचं वय 58, गाठ लहान, कवटी उघडायची हिची तयारी नाही. तिसरी वाट ठरली. सर्जनचं बोलणं इंग्रजीत मिसळलेल्या कानडीत चाललं होतं, मी मान डोलावत होतो, आणि ही आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

संध्याकाळी नर्स चार पानांचा फॉर्म घेऊन आली. दोन पानं कानडी, दोन इंग्रजी. मी तेव्हा खाली पैसे भरायच्या रांगेत होतो. जिथे फुली मारली होती तिथे हिने सही केली. मराठीत, सुवाच्य. ही सातवी पास आहे, रोज पेपर वाचते, चष्मा लावून पोथी वाचते. निरक्षर बाईचा अंगठा घेताना तुम्ही निदान एक साक्षीदार उभा करता. वाचता येणाऱ्या बाईला न वाचता येणारा कागद देताना साक्षीदाराचीही गरज वाटत नाही. मी वर आल्यावर विचारलं, “कशावर सही केलीस?” म्हणाली, “तुम्ही नको म्हटला असता काय?”

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, कर्नाटकात 36 वर्षं नोकरी केलीत, तुम्हाला कानडी येतंच की. येतं. बाजारात येतं, कचेरीत येतं, अडखळत वाचताही येतं. त्या रात्री मी तो फॉर्म कॉटवर बसून वाचला, आणि गंमत म्हणजे वैद्यकीय कानडी मला रोजच्या कानडीपेक्षा सोपं वाटलं, कारण त्यातले निम्मे शब्द संस्कृतातून आलेले, आपल्यासारखेच: विकिरण, श्रवण, परिणाम. म्हणजे मराठी फॉर्म करायला फार मोठा पंडित लागणार नाही. पण मुद्दा माझ्या कानडीचा नाहीच. डोकं तिचं होतं, सही तिची होती, आणि तिला कानडी येत नाही. नवऱ्याला कळलं म्हणजे बायकोला कळलं, असं धरून चालणारा कारभार मी शाळेत आयुष्यभर पाहिला. दवाखान्यात तरी तो नको.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट बारकाईने सांगतो, कारण अडचण नेमकी कुठे होते ते त्यातून दिसेल.

आदल्या दिवशी एमआरआयला नेताना सांगितलं, अंगावरची धातूची वस्तू एकही नको. मंगळसूत्र काढलं, कुड्या काढल्या. जोडवी निघेनात. लग्नापासून पायातली, बोटं सुजलेली. हे आधी कुणी सांगितलं असतं तर घरी रात्री तेल लावून सावकाश काढली असती. इथे पॅसेजमध्ये, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, मी खाली बसून साबण लावून ओढत होतो आणि तंत्रज्ञ दारात उभा राहून घड्याळ बघत होता. त्याचंही चुकलं नाही, त्याच्या रांगेत अजून सहा जण होते.

मग चौकट. डोक्याभोवती धातूची कडी आणि ती चार खिळ्यांनी कवटीवर घट्ट करायची, दोन पुढे, दोन मागे. आधी चार ठिकाणी भूल देतात. सुई टोचताना आग होते, नंतर नुसता दाब कळतो. उपचार चालू असताना डोकं केसभरही हलू नये आणि गाठीची जागा मोजायला एक पक्कं माप असावं म्हणून ही चौकट. कुठे कुठे आता तिच्याऐवजी चेहऱ्यावर बसणारा जाळीचा मुखवटा वापरतात. पुढचे दोन खिळे भिवयांच्या वर येतात. हिने विचारलं, “कुंकू पुसू काय?” समोरच्याला प्रश्न कळला नाही. तो म्हणाला, “एनू आगल्री, अम्मा.” काही होणार नाही. बाईला भीती नव्हती, फक्त कुंकवाचं विचारायचं होतं.

शेवटी फरशी पुसणारी मावशी मदतीला आली. निपाणीकडची. तिने आधी कुंकवाचा प्रश्न त्याला सांगितला, मग हिच्याजवळ उकिडवी बसून म्हणाली, “घाबरू नगंस अक्का, ह्यो बारीक शेक हाय. एकडाव दिला की झालं. गाठीपुरताच.”

मायबाप, तुमच्या चार पानी फॉर्मपेक्षा त्या मावशीचं वाक्य अधिक बरोबर होतं. हे कसं, ते सांगतो. आमच्या भागात रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात, कुणी ‘लाईट’ म्हणतात, कुणी ‘करंट’. आमच्या शेजाऱ्याला घशाचा कॅन्सर होता. साडेसहा आठवड्यांत 33 शेक झाले. मान काळी पडली, गिळणं बंद झालं, हीच त्याला पेज नेऊन द्यायची. त्यामुळे ‘रेडिएशन’ हा शब्द ऐकल्यापासून हिच्या डोळ्यांसमोर तो शेजारी होता, आणि ‘सर्जरी’ या शब्दामुळे माझ्या डोळ्यांसमोर रक्ताच्या पिशव्या. दोघांची भीती वेगवेगळी आणि दोन्ही चुकीच्या. ‘बारीक’ आणि ‘एकडाव’ या दोन शब्दांनी मावशीने दोन्ही भीती काढल्या.

चौकट बसल्यावर सीटी स्कॅन झाला. तो आदल्या दिवशीच्या एमआरआयवर संगणकात जुळवला, आणि किरण कुठून कुठून, किती किती सोडायचे याचा नकाशा करायला दोन तास गेले. ही डोक्यावर चौकट घेऊन कॉटवर बसून राहिली. नंतर आत अर्धा-पाऊण तास. यंत्र भोवती फिरतं, मधेच टेबल वळतं, अंगाला काहीच लागत नाही. चौकट काढली तेव्हा मधे कुंकू आणि दोन्ही बाजूंना दोन गोल पट्ट्या. आरशात बघून म्हणाली, “तीन कुंकवं झाली की वो.”

संध्याकाळी तिथले फिजिसिस्ट, म्हणजे किरणांचं मोजमाप बघणारे, मला चहाच्या गाड्यावर भेटले. हुबळीकडचे तरुण गृहस्थ, कानडीमिश्रित मराठी बोलणारे. त्यांनी पाच मिनिटांत मला जे सांगितलं ते तोवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, “गुरुजी, बेळगावचा गणपती बघितलाय न्हवं? प्रत्येक गल्लीतनं थोडी थोडी माणसं येतात, गल्लीत गर्दी दिसत नाही. सगळी चौकात मिळतात तेव्हा पाय ठेवायला जागा नाही. आमचे किरण असेच. वाटेतल्या मेंदूला प्रत्येक किरण थोडा थोडा लागतो, गाठीच्या चौकात सगळे मिळतात.” हिच्या गाठीच्या कडेला 12 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) एवढी मात्रा एका बैठकीत दिली होती. शेजाऱ्याला रोज साधारण 2 ग्रे, असे कितीतरी दिवस. एका दमात एवढी मात्रा द्यायची म्हणजे ती मिलिमीटरभरही भलतीकडे जाऊन चालत नाही. म्हणून ते रोज सकाळी आधी येतात, ज्वारीच्या दाण्याएवढी धातूची गोळी यंत्राच्या मध्यावर ठेवतात, चहूबाजूंनी किरण सोडून फोटो काढतात आणि गोळी प्रत्येक फोटोत बरोबर मध्यावर येते का ते तपासतात. एक मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या दिवशी कुणालाच आत घ्यायचं नाही.

हे ऐकून मला फार बरं वाटलं आणि लगेच थोडा रागही आला. यंत्राचा नेम बरोबर लागतोय की नाही हे तुम्ही रोज सकाळी दाण्याएवढी गोळी ठेवून बघता. आपलं बोलणं रुग्णापर्यंत पोचलं की नाही, हे बघायला तुमच्याकडे काय आहे? फुलीपुढची सही? आणि हा गणपतीचा दाखला मला इलाजानंतर मिळाला, चहाच्या गाड्यावर, नशिबाने. हिला तो आदल्या दिवशी मिळायला हवा होता.

सर्जरी हा शब्द का, हेही मी नंतर शोधलं. स्वीडनचे मेंदूचे सर्जन लार्स लेक्सेल यांनी 1951 मध्ये हा शब्द काढला. त्या काळी मेंदूत खोलवर सुरी घालणं फार जोखमीचं होतं. सुरीऐवजी बारीक किरण चहूबाजूंनी एका जागी आणावेत आणि एकाच बैठकीत काम करावं, ही त्यांची कल्पना. कोबाल्टच्या किरणांचं त्यांचं यंत्र 1968 मध्ये स्टॉकहोममध्ये सुरू झालं, तेच गामा नाइफ. भारतात ते 1997 मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये आलं. आपल्या राज्यात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे. कोबाल्ट न वापरता क्ष-किरण तयार करणाऱ्या लिनॅक यंत्रावरही हेच काम होतं, हिचं तसंच झालं. तर सर्जनच्या डोक्यातून निघाली म्हणून ती सर्जरी. त्यांच्या जागी ते ठीकच आहे. पण खानापूरच्या बाईला तो शब्द जसाच्या तसा देऊन तुम्ही तालमीतली पोरं उपाशी ठेवता.

आता गावात कुणाच्या डोक्यात गाठ म्हटली की लोक माझ्याकडे येतात, आणि हे मला धोक्याचं वाटतं. गुरुजींच्या मंडळीला टाका न घालता बरं केलं, आम्हालाही तेच करा, असं म्हणतात. मी डॉक्टर नाही. पण सांगायला दुसरं कुणी नसलं की अर्धवट माणूसच सांगत बसतो. शेजारच्या गावातल्या एका तरुणाची गाठ पाच सेंटिमीटरच्या वर होती, सकाळी ओकाऱ्या, नजर अंधुक. त्याचे वडील आठ दिवस ‘बिनचिरफाडीचा शेक’ शोधत फिरले. एवढ्या मोठ्या गाठीला एका बैठकीचा हा शेक सहसा देत नाहीत. तीन सेंटिमीटरच्या आसपास मर्यादा येते, कारण गाठ मोठी तितका आजूबाजूच्या मेंदूला बसणारा मार मोठा. डोक्यात दाब वाढला असेल तर आधी उघडूनच तो कमी करावा लागतो. गाठ डोळ्याच्या नसेला टेकलेली असेल तर ती नस एवढी मात्रा सोसत नाही. आणि गाठ कसली हेच ठाऊक नसेल तर तुकडा काढून तपासावा लागतो. शेकाने तुकडा हाती येत नाही. दुसरीकडे माझ्या एका मावसबहिणीला स्तनाच्या कॅन्सरच्या तीन लहान गाठी मेंदूत गेल्या होत्या. तिला वाटलं, आता संपलं. तिच्या तिन्ही गाठींना असा नेमका शेक देता आला आणि सगळ्या डोक्याला शेक द्यायचं टळलं. सगळ्या डोक्याच्या शेकाने स्मरणावर परिणाम होतो, त्यामुळे गाठी मोजक्या असल्या तर हल्ली हाच मार्ग पुष्कळदा आधी बघतात. तिला हे सांगायला मराठी बोलणारी डॉक्टर भेटली म्हणून ती घाबरून घरी पळाली नाही.

आता माझी खरी तक्रार.

इलाजानंतर आठ महिन्यांनी बेळगावात हिचा एमआरआय काढला. रिपोर्टमध्ये गाठ 18 ऐवजी 21 मिलिमीटर. सेंटरवाल्याने पाकीट हातात दिलं, मी दारातच उघडून आकडे वाचले. वाढली. घरी आलो. पुण्याचा पुतण्या फोनवर म्हणाला, काका, शेक फुकट गेला, आता उघडायलाच लागणार. शेजारी म्हणाले, आम्ही आधीच सांगितलं होतं. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ट्रंकेतली बोरमाळ काढली, चिंचेच्या पाण्याने स्वच्छ केली आणि मुलीला बोलावून तिच्या हातात दिली. “राहू दे तुझ्याजवळ,” एवढंच म्हणाली. डॉक्टरांची तारीख तीन आठवड्यांनंतरची होती. ते तीन आठवडे आमच्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि दोन मिनिटांत म्हणाले, हे अपेक्षितच आहे. या गाठी शेकानंतर पहिल्या सहा ते अठरा महिन्यांत पुष्कळदा थोड्या फुगतात, मधला भाग काळा पडतो, मग हळूहळू बसतात किंवा आहेत तिथेच थांबतात. “तुमच्या डिस्चार्ज कार्डात लिहिलंय की,” ते म्हणाले. लिहिलं होतं. दुसऱ्या पानावर, तिसऱ्या परिच्छेदात, इंग्रजीत, बारीक टाइपात. डिस्चार्जच्या वेळी मला सांगितलं होतं ते एवढंच: गोळ्या अशा घ्या, सहा-आठ महिन्यांनी एमआरआय. त्या परिच्छेदाची दोन वाक्यं कुणी मराठीत बोललं असतं तर माझ्या बायकोने स्वतःच्या मरणाची वाटणी केली नसती. गेल्या एमआरआयमध्ये गाठ 17 मिलिमीटर आहे. बोरमाळ अजून मुलीकडेच आहे. परत मागायची कशी, हा आमचा सध्याचा प्रश्न.

तुमच्याकडे कायद्याची माणसं असतील, पण मीही थोडं वाचून ठेवलं आहे. समीरा कोहली खटल्यात 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संमती कशाला म्हणायचं ते सांगितलं: उपचार काय, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरे पर्याय कोणते, नाकारलं तर काय होईल, एवढं सांगून मगच घेतलेली संमती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णाला कळेल अशा भाषेत माहिती द्या, असं आहे. जिथे भाषिक अल्पसंख्य 15 टक्के किंवा अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे तर 1961 पासून सगळ्या राज्यांनी मान्य केलेलं. 2011 च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी भाषिक 18 टक्क्यांहून अधिक होते. खासगी रुग्णालयाला हा शेवटचा नियम बंधनकारक नाही, हे मला कळतं. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी मात्र तो वाचावा. आणि हे पत्र मराठीत का, असं कुणी विचारलं तर राज्यघटनेचं कलम 350 आहे. गाऱ्हाणं केंद्रात किंवा राज्यात चालणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं.

मराठी म्हटलं की आपल्याकडे लगेच सगळ्यांच्या भुवया वर जातात, म्हणून स्पष्ट लिहितो. सीमाप्रश्न 1956 पासून आहे, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तिथेच राहू दे. कानडी फॉर्म काढून टाका असं मी म्हणत नाही, त्याच्या मागे एक मराठी पान जोडा म्हणतो. जतची, अक्कलकोटची कानडी बाई महाराष्ट्रातल्या दवाखान्यात मराठी फॉर्मवर न वाचता सही करत असेल, तर तिच्यासाठीही माझं हेच मागणं आहे, आणि तिकडच्या रुग्णालयांना हे पत्र कुणी पोचवलं तर मला आनंदच होईल. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने सीमाभागातल्या 865 गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारने हरकत घेतली, पेपरात मोठमोठे मथळे आले. दोन दोन सरकारं आमच्या औषधपाण्यासाठी भांडतात हे भाग्यच म्हणायचं. पण त्या मथळ्यांच्या गर्दीत रुग्णाला त्याच्या भाषेत एक पान द्यायचं दोघांपैकी कुणाला सुचलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर एक पान छापायला काय लागतं? आणि वाचून दाखवायला वेगळा दुभाषी नेमायची गरज नाही. तुमच्याकडे ती मावशी आहे. तिला पंधरा दिवस फिजिसिस्टच्या शेजारी बसवा, तिचा पगार थोडा वाढवा आणि फरशी पुसायला दुसरं कुणी घ्या.

मसुदा मी करून पाहिला आहे. तुमच्या डॉक्टरांनी तपासावा, चुकलं असेल तिथे लाल शाईने दुरुस्त करावं. लाल शाई मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्यांवर वापरली, आता माझ्यावर वापरा:

“तुमच्या डोक्यातल्या गाठीवर किरणांचा नेमका, बारीक शेक देणार आहोत. चिरफाड नाही, टाके नाहीत, रक्त लागत नाही. एमआरआयसाठी दागिने आणि जोडवी घरीच काढून या. घट्ट असतील तर आदल्या रात्री तेल लावा. डोक्याला चौकट लावतील, तेव्हा चार जागी भुलीचं इंजेक्शन टोचेल. कुंकू राहू दिलं तर चालेल. चौकटीऐवजी जाळीचा मुखवटा असेल तर टोचणार नाही. शेक चालू असताना काही दुखत नाही. आत तुम्ही एकट्या असाल, पण बाहेरून तुम्हाला बघत असतात, हात वर केला तर यंत्र थांबवतात. संध्याकाळी डोकं दुखू शकतं. गाठ त्या दिवशी नाहीशी होणार नाही. शेकाचं काम गाठ वाढू न देण्याचं आहे, आणि ते कळायला महिने-वर्षं लागतात. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, उरलेलंही कमी होऊ शकतं. पुढच्या एमआरआयमध्ये गाठ थोडी मोठी दिसली तर घाबरू नका, असं पुष्कळदा होतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. पण चेहरा वाकडा झाला, बधिर झाला, सारख्या ओकाऱ्या झाल्या, चालताना फार तोल जाऊ लागला, तर तारखेची वाट न बघता या. याऐवजी दुसरे कोणते इलाज होते ते डॉक्टरांना विचारा. समजलं नसेल तर सही करू नका, पुन्हा विचारा.”

हे कानाच्या नसेच्या गाठीचं झालं. इतर गाठींसाठी मजकूर थोडा बदलावा लागेल, तो तुमच्या डॉक्टरांनी सांगितला की मी लिहून देईन. पैसे नकोत. यायच्या-जायच्या एसटीचं भाडंही माझं मी बघेन.

येत्या मार्गशीर्षात हिचा पुढचा एमआरआय आहे. या वेळी जोडवी घरूनच काढून येतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव